गवत वाढायचं थांबलं तरी

थंडी पडली की गवत वाढायचं थांबतं, हे त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षाचे शेवटचे दोन महिने कुणी लॉन कापत नसे. मशीनमधलं पेट्रोल काढून टाकायचं, पात्याला तेलाचं फडकं मारायचं आणि मशीन शेडच्या कोपऱ्यात ढकलून मोकळं व्हायचं, हा रिवाज. त्या वर्षी मात्र एका घरापुढे मशीन रोज चालत होतं. दुपारी बरोबर दोन वाजता.

घर एक, दारं दोन. बापाने दोन मुलांसाठी बांधलेलं. डावीकडे थोरला राहायचा, उजवीकडे धाकटा. मधे भिंत होती, पण पुढचं लॉन बापाने वाटून दिलं नव्हतं. "एवढं तरी सामाईक राहू दे," असं तो म्हणाला होता. तो गेल्यावर लॉन थोरल्याने आपल्याकडे घेतलं आणि धाकट्याने कधी त्यावर हक्क सांगितला नाही. त्याला गवतात रस नव्हता.

दोघं भाऊ एकाच छापखान्यात कामाला होते. थोरला कागद कापायच्या विभागाचा मुकादम, धाकटा बाइंडिंगला. सहा वर्षांपूर्वी तिथे एका कामगाराची दोन बोटं कापली गेली. तो माणूस दारू पिऊन आला होता, असं थोरल्याने लिहून दिलं. चौकशीत धाकट्याला विचारलं. त्याने सांगितलं, की माणूस शुद्धीवर होता, घाई करा म्हणून दादानेच त्याच्यामागे लकडा लावला होता. थोरल्याला घरी बसवलं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

त्या दिवसापासून अबोला. थोरला समोरून आला की धाकटा बाजूला व्हायचा, थोरला मान वळवायचा. एकदा फक्त, चौकशीच्या निकालाच्या संध्याकाळी, थोरला भिंतीपलीकडून ऐकू जाईल अशा आवाजात बोलला होता, "सख्खा भाऊ कसला, पक्का वैरी."

आणि आता धाकटा मरायला टेकला होता. पोटातला आजार हाडांत उतरला होता. दवाखान्याने हात टेकले आणि त्याला घरी पाठवलं. बायकोने त्याचा पलंग पुढच्या खोलीत, खिडकीपाशी लावला, कारण बाकी सगळ्या खोल्या गार होत्या. एक दिवसाआड नर्स यायची. दुपारी दीडला वेदनेचं औषध दिलं की त्याला डुलकी लागायची. दिवसभरात तेवढीच काय ती झोप. रात्र तो कण्हत काढायचा.

तो घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी, दोनच्या ठोक्याला, खिडकीखाली मशीनची दोरी ओढल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा; तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं आणि खिडकीची काच थरथरायला लागली. धाकट्याने डोळे उघडले. पलंगाची लोखंडी कड काचेबरोबर थरथरत होती आणि ती थरथर त्याच्या पाठीच्या कण्यात उतरत होती. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

"होईल दहा मिनिटांत," बायको म्हणाली.

पाऊण तास चाललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. कापायला गवत नव्हतंच. मशीन नुसतं ओल्या, पिवळ्या बुंध्यांवरून आणि पडलेल्या पानांवरून जायचं, आणि बाजूच्या तोंडातून चिखल नि पानांचा चुरा फेकायचं. त्या तोंडावरची झडप ओल्या पानांनी तुंबते म्हणून थोरल्याने ती तारेने वर बांधून टाकली होती. सबंध लॉनमध्ये एक फेरी आणि खिडकीखालच्या पट्ट्यात चार फेऱ्या, असा त्याचा हिशेब होता.

समोर राहणारे निवृत्त पोस्टमन फाटकाशी उभे राहून बघायचे. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," असं ते एकदा म्हणाले आणि स्वतःच हसले. मग खिडकीकडे त्यांचं लक्ष गेलं आणि हसू मावळलं. पण मधे कोण पडणार? दोन भावांचं भांडण म्हणजे बंद दार. पोस्टमननी आपल्या घराची खिडकी लावून घेतली.

आठव्या दिवशी धाकट्याची बायको, धाकटी, बाहेर गेली. अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर, पायात चपला. मशीनच्या वाटेत उभी राहिली तेव्हा कुठे थोरल्याने इंजिन बंद केलं.

"दादा," ती म्हणाली, "यांना हेच दोन तास झोप लागते. तुम्ही सकाळी कापा. संध्याकाळी कापा. हवं तेव्हा कापा, पण ही वेळ सोडा."

थोरला हातमोजे काढून त्यातला चिखल झटकत राहिला. "लॉन सामाईक आहे. मी कापतो म्हणून दिसायला तरी बरं दिसतं. तुझ्या नवऱ्याने कधी हात लावलाय?"

"डॉक्टर म्हणतात, फार तर महिना."

"मग महिनाभर कळ काढा," थोरला म्हणाला. "मी सहा वर्षं काढली."

त्याने दोरी ओढली. ती बाजूला झाली नसती तर मशीन तिच्या पायांवरून गेलं असतं, असं तिला वाटलं.

थोरल्याची बायको, थोरली, रोज सकाळी मागच्या दाराने यायची. नवरा पेपर आणायला कोपऱ्यावर गेला की तेवढ्या वीस मिनिटांत. हातात सुपाचं झाकलेलं भांडं असायचं. धाकट्याच्या पायांपाशी बसायची, त्याचे गार पडलेले तळवे चोळायची. "भाऊजी, दोन चमचे तरी घ्या. मीठ बेताचं घातलंय," म्हणायची. धाकटा तिच्यासाठी दोन चमचे घ्यायचा, आणि ती गेल्यावर ओकून टाकायचा. चाळीस वर्षांच्या संसारात थोरलीने नवऱ्यासमोर ब्र काढला नव्हता. मशीनचा विषय निघाला की ती भांड्याचं झाकण उगाच काढायची आणि घालायची.

त्या दिवशीच्या बोलण्यानंतर दुसऱ्या सकाळी थोरली आली, तेव्हा धाकटीने तिला स्वयंपाकघरातच अडवलं.

"ताई, हे सूप उद्यापासून नको."

"का गं? खारट होतं का?"

"सकाळी तुम्ही पाय चोळायचे आणि दुपारी तुमच्या नवऱ्याने हाडं हलवायची. दोघं मिळून छान चाललंय तुमचं."

थोरलीचा चेहरा पडला. "मी काय करू सांग. माझं ऐकतात का ते?"

"कधी बोलून बघितलंत? चाळीस वर्षांत एकदा? मूग गिळून बसायचं आणि सुपाचं भांडं घेऊन यायचं, म्हणजे इकडेही चांगलं, तिकडेही चांगलं. त्यांचा राग तरी खरा आहे, ताई. तुमची माया खोटी."

शब्द तोंडातून गेले आणि ते लागले, हे धाकटीला दिसलं. तिला वाईट वाटलं नाही. कुणाला तरी लागायलाच हवं होतं. थोरली भांडं ओट्यावर ठेवून, झाकण विसरून, निघून गेली.

दुपारी दोनला मशीन आलंच. त्या दिवशी धाकट्याला उचकी लागली होती आणि प्रत्येक उचकीला तो कळवळत होता. मशीन खिडकीखाली आलं तेव्हा त्याने आयुष्यात पहिल्यांदा बायकोसमोर रडायला सुरुवात केली. आवाज न करता. तोंड भिंतीकडे करून.

दुसऱ्या दिवशी उजाडताच धाकटी शेडमध्ये गेली. जुन्या फाटकाचे अंगठ्याएवढे नट एका डब्यात गंजत पडले होते. एक तुटकी बिजागरी होती. सगळे मिळून सात तुकडे तिने स्वेटरच्या खिशात भरले. खिडकीखालच्या पट्ट्यात गुडघे टेकून तिने ते एकेक करून ओल्या मातीत अर्धे दाबले आणि वर पानं सारली. पातं मोडावं, मशीन बंद पडावं, एवढंच तिला हवं होतं. पुढे तिने हे स्वतःला कितीदा तरी सांगितलं आणि ते खरंच होतं. पण शेवटचा नट दाबताना, लागू दे एखादा त्याच्या नडगीला, असंही तिच्या मनात आलं होतं आणि तो विचार तिला गोड लागला होता. हेही तितकंच खरं होतं. उठताना तिने खिडकीकडे बघितलं. पडदा अर्धा उघडा होता. नवरा झोपला असेल, असं ती धरून चालली.

त्या सकाळी थोरली आली नाही.

दीडला धाकटीने औषध दिलं. दोनला दोरी ओढल्याचा आवाज झाला. ती पलंगापाशी उभी राहून बाहेर बघत राहिली. थोरल्याने मोठी फेरी घेतली, फाटकापाशी वळला आणि खिडकीखालच्या पट्ट्याकडे यायला लागला.

तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं आणि थोरली बाहेर आली. घरातल्याच कपड्यांवर, कोट न घालता. ती सरळ लॉनमधून नवऱ्याकडे चालत आली आणि काहीतरी बोलली. मशीनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. थोरल्याने मान हलवून तिला घरात जायची खूण केली. ती गेली नाही. तिने त्याचं कोपर धरलं. त्याने ते झटकलं आणि मशीन पुढे रेटलं. मग ती बाजूने पुढे आली, मशीनच्या उघड्या तोंडासमोर, आणि हात जोडल्यासारखे करून खाली वाकली, बहुधा मशीनवरचा खटका बंद करायला.

धाकटीने खिडकीच्या कडीला हात घातला. कडी थंडीने घट्ट बसली होती. ती निघेपर्यंत आवाज झाला, लोखंडावर लोखंड आपटल्याचा, एकदाच.

थोरली ओरडली नाही. ती नुसती खाली बसली, एखाद्या दमलेल्या बाईसारखी. थोरल्याला वाटलं पाय घसरला. "सांगत होतो ना, आत जा म्हणून," तो म्हणाला, कारण इंजिन आपोआप बंद पडलं होतं आणि आता सगळं ऐकू येत होतं. मग थोरलीच्या डाव्या डोळ्यावर धरलेल्या बोटांमधून रक्त यायला लागलं.

पोस्टमन धावत आले. त्यांनीच दवाखान्याची गाडी बोलावली. थोरला बायकोसमोर चिखलात बसला होता आणि स्वतःच्या टोपीने तिचा डोळा दाबत होता. "दाखव, मला बघू दे, दाखव," एवढंच तो म्हणत होता. थोरली उजव्या डोळ्याने इकडेतिकडे बघत होती. धाकटी जवळ आली तशी तिने हात पुढे केला.

"बोलले गं मी," ती म्हणाली. "बोलले त्यांना."

गाडी आली. "कुणी बाईमाणूस बरोबर चला," गाडीवाला म्हणाला. थोरलीने धाकटीचा हात सोडला नव्हता.

"यांना एकटं कसं सोडू?" धाकटी म्हणाली आणि तिने आपला हात सोडवून घेतला.

पोस्टमनची बायको गेली. गाडी कोपऱ्यावरून वळली, फाटकाशी जमलेले चारदोन लोक पांगले, आणि मग धाकटी खिडकीखाली गुडघ्यांवर बसून पानं उकरायला लागली. मशीनच्या आजूबाजूला, मशीनखाली हात घालून. पाच तुकडे सापडले. सहावा मशीनच्या पात्यात अडकला होता, तो तिने तिथेच राहू दिला, कारण काहीतरी सापडायला हवंच होतं. सातवा थोरलीबरोबर गाडीतून गेला होता.

हात धुऊन ती आत आली. नवरा जागा होता. उशीवर डोकं खिडकीकडे वळलेलं.

"किती होते?" त्याने विचारलं.

तिने पडदा ओढून घेतला.

"सकाळी मी जागाच होतो. बघितलं तुला."

"मग हाक का नाही मारलीत?"

"मलाही वाटलं, मोडू दे एकदाचं," तो म्हणाला. "वहिनी मधे येतील असं कुणाला माहीत होतं?"

डोळा वाचला नाही. डॉक्टरांनी त्याच रात्री तो काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उजवीकडच्या दारावर टकटक झाली. थोरला होता. सहा वर्षांनी त्याने तो उंबरा ओलांडला. दाढी वाढलेली, अंगात कालचेच कपडे, गुडघ्यांवर वाळलेला चिखल. तो पलंगाजवळच्या खुर्चीवर टेकला आणि भावाकडे बघून दचकला. इतके दिवस खिडकीखालून फेऱ्या मारल्या होत्या, पण आत काय उरलंय ते त्याने बघितलं नव्हतं.

धाकटी दाराशी उभी राहिली.

"पात्यात नट सापडला," थोरला म्हणाला. "जुन्या फाटकाचा. फाटक मीच काढलं होतं ना, दोन वर्षं झाली. तेव्हाच पडला असणार गवतात. आणि झडप मी बांधून ठेवलेली. मशीनवर लिहिलंय मोठ्या अक्षरांत, झडप उघडी ठेवू नका." त्याने तळव्याने तोंड पुसलं. "आज ती शुद्धीवर आली. म्हणते, तुमची काही चूक नाही, मीच मधे आले. मला ते ऐकवत नाही."

धाकट्याचे डोळे त्याच्यावर होते.

"तू खिडकीत होतास," थोरला म्हणाला. "तू सगळं बघितलंस. आणि तू खोटं बोलणारा नाहीस, ते मला सगळ्यात जास्त माहीत आहे. तेव्हाही खरंच बोलला होतास. म्हणून तुलाच विचारतो. चूक माझी ना?"

धाकटीला वाटलं, आता हे सांगणार. सांगून टाकावं, असंही तिला वाटलं, आणि त्याच क्षणी सांगू नये असंही.

"हो, दादा," धाकटा म्हणाला. "चूक तुझीच."

थोरल्याने मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. जणू निकाल वाचून दाखवला आणि तो त्याला मान्य होता. मग त्याने वाकून भावाचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्याच्या कपाळाला कपाळ लावून रडला. धाकट्याचा हात उठला नाही. त्याच्यात बळ नव्हतं, किंवा त्याने उचलला नाही.

थोरला आपल्या घरी परतल्यावर धाकटी पलंगाशी आली. "असं का बोललात? मी सांगते त्यांना. आत्ता जाऊन सांगते."

"अजिबात नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्वच्छ होते. "जन्मात एकदाच खोटं बोललो, ते तुझ्यासाठी. ते वाया घालवायचं नाही." मग म्हणाला, "आणि आता झोपू दे मला. किती दिवसांनी शांत आहे."

दुसऱ्या दुपारी तो झोपला आणि त्यानंतरच्या दुपारीही. अकराव्या दिवशी झोपेतच गेला. ते अकरा दिवस थोरला सकाळ-संध्याकाळ यायचा, भावाला कुशीवर वळवायचा, त्याच्या अंगाखालची चादर स्वतः बदलायचा. धाकटी त्याला चादरीचं दुसरं टोक धरू लागायची. "एकट्याने किती ओढशील, सांग मला," तो तिला म्हणायचा. ती चादर आणखी जोरात ओढायची.

मशीन थोरल्याने भंगारवाल्याला देऊन टाकलं. थंडी सरली आणि गवत वाढायला लागलं, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. पोस्टमननी आपलं मशीन देऊ केलं. थोरल्याने नको म्हणून सांगितलं.

थोरलीच्या डोळ्याच्या खोबणीत सकाळ-संध्याकाळ औषधाचे थेंब घालावे लागायचे. थोरल्याचे हात थरथरायचे, म्हणून ते काम धाकटीकडे आलं. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. जिन्याची पायरी चुकते, चहा कपाबाहेर सांडतो. धाकटी जवळ बसून तिला शिकवायची, की किटलीचं तोंड आधी कपाच्या कडेला टेकवायचं आणि मगच ओतायचं.

"तुला एक सांगू?" एका सकाळी थोरली म्हणाली. थोरला बाहेर तिच्यासाठी औषध आणायला गेला होता. आता पेपर आणायलाही तो तिला विचारून जायचा. "काल रात्री यांनी माझे पाय चेपून दिले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. एका डोळ्याने बघते तर माणूस बरा दिसतो, असं मी म्हटलं, तर रडायलाच लागले." ती हसली. "आणि खरं सांगते, त्या दिवशी तू मला तसं बोलली नसतीस ना, तर मी दाराबाहेर पाऊलच टाकलं नसतं. तुझे उपकारच म्हणायचे."

"मान वर करा, ताई," धाकटी म्हणाली. "थेंब राहिलेत अजून."

थोरलीने मान वर केली, आणि धाकटीने दोन बोटांनी तिची पापणी अलगद उघडून धरली.